बाणाच्या कांडीवरची लाख



गेल्या वैशाखात गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीस एका नामसप्ताहाच्या निमित्ताने आमचे जाणे झाले. तिसऱ्या रात्री कीर्तन आटोपून बसलो असता विशीतला एक मुलगा पुढे आला, पाया पडला आणि म्हणाला, "महाराज, एक शंका आहे, राग मानू नका. मन शुद्ध असेल तर गळ्यात माळ कशाला पाहिजे? आणि मन शुद्ध नसेल तर ती माळ काय करणार?"

प्रश्न लहान, पण दोन्हीकडून फास असलेला. पाठशाळेत आमचे गुरुजी अशा पेचाला 'उभयतःपाशा रज्जुः' म्हणत. इकडून सुटायला जावे तर तिकडचा फास गळ्यात पडतो. आणि माळ म्हणजे काही एकटी माळ नाही. एकादशी, हरिपाठ, गोपीचंदन, मद्यमांसाचा त्याग, वर्षाची वारी, असा सगळा आचारच त्या पोराने एका वाक्यात पणाला लावला होता. आम्ही नेहमीचे उत्तर दिले. शास्त्राची आज्ञा आहे, संतांची परंपरा आहे, वाडवडील करीत आले. त्याने मान डोलावली आणि उठून गेला. पटले म्हणून डोलावली नाही, वडीलधाऱ्यांपुढे बोलू नये म्हणून डोलावली. चाळीस वर्षे श्रोत्यांचे चेहरे पाहिल्यावर एवढे कळते. रात्री पडल्या पडल्या आम्हांलाही वाटू लागले, की आपले उत्तर खोटे नव्हते, पण ते त्या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

काला झाला. दुसऱ्या दिवशी आमचे यजमान, शाळामास्तर आहेत, ते म्हणाले, "महाराज, एवढे आलात तसे रान पाहून चला." भामरागडच्या वाटेने ते आम्हांला घेऊन निघाले. हा सारा मुलूख पूर्वी चांद्याचा. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. साग, बांबू, मोह, पळस यांची दाट झाडी, आणि पुढे भामरागडास पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्या एकत्र येतात. पर्लकोटेच्या पुराने भामरागडची वाट कित्येक पावसाळ्यांत बंद पडलेली आहे. येथे पावसाळा म्हणजे काय, हे यावरून ध्यानी घ्यावे. पुढच्या गोष्टीचा सारा आधार त्या ओलीवरच आहे.

वाटेत माडिया गोंडांच्या एका खेड्यात मास्तरांच्या ओळखीचा एक म्हातारा होता. अंगणात विस्तव घेऊन बसला होता. एका हाताने बाणाची कांडी निखाऱ्यावर धरून फिरवीत होता, दुसऱ्या हातात तांबूस-काळसर लाखेची कांडी. मास्तरांनी दोनदा हाक मारली, त्याने वर पाहिले नाही. आम्हांला, खरे सांगतो, थोडे लागले. सात दिवस लोकांनी पायांवर डोकी ठेवली की माणसाला तेवढीच सवय होते! कांडी पुरी झाली, बाजूला टेकवून ठेवली, आणि मग तो उठून हात जोडून म्हणाला, "माफ करजा महाराज. थांबता येत नाही जी. हात थांबला का लाख तिथंच बसते, गाठ होते."

हे ऐकले आणि आम्हांला एकदम भागवताचा एकादश स्कंध आठवला. अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांत एक इषुकार आहे, म्हणजे बाण करणारा. त्याच्या जवळून राजाची स्वारी गेली, पण बाणात चित्त गुंतलेल्या त्याला ती कळलीच नाही. नाथमहाराजांनी शके १४९५ मध्ये, म्हणजे इसवी सन १५७३ साली, काशीस याच स्कंधावरचे एकनाथी भागवत पुरे केले. आपल्या फडाफडांतून ते वाचले जाते. इषुकाराचा दृष्टांत आम्हीही शेकडो वेळा सांगितला असेल. पण एकाग्रता ही काही मोठी तपश्चर्या करून आणावयाची वस्तू आहे, असेच आम्ही सांगत आलो. म्हाताऱ्याने एका वाक्यात दाखवले की ती कामातूनच येते. लाख वितळते आणि क्षणात आळते. तेवढ्या क्षणात हात चालता असला पाहिजे. राजा आला काय आणि कीर्तनकार आला काय, लाख कोणासाठी थांबत नाही.

आम्ही त्याच्याजवळ बैठक मारली. त्याची बोली माडिया, आणि मराठी बोले ती झाडीच्या वळणाची. अडले तेथे मास्तर सांगत. बाण कसा होतो, ते त्याने हाताने दाखवले. कांडी कापायची ती सावलीत वाळवायची. उन्हात वाळवली तर चिरते. वाळली की विस्तवावर शेकून, जेथे बाक असेल तेथे दोन्ही हातांनी दाबून सरळ करायची. डोळ्यासमोर धरून पाहायची, पुन्हा शेकायची, पुन्हा दाबायची. मग सुरीने खरवडून, घासून गुळगुळीत करायची. मागे दोरीसाठी खाच, पिसे, पुढे लोखंडी पाते. पाखरांसाठीच्या बाणाला पात्याऐवजी लाकडाची बोथट गाठ. आणि हे सगळे झाल्यावर, अगदी शेवटी, कांडीला लाख. गरम कांडीवर लाख टेकवायची, ती वितळली की मोहाच्या टोळीच्या तेलात भिजवलेल्या फडक्याने एका दमात वरून खाली ओढायची. फार पातळ. हात फिरवला तर काच फिरल्यासारखे वाटते, पण लाकडाची रेघन्‌रेघ दिसते.

आम्ही विचारले, "बाबा, कांडी एवढी सरळ केलीत, मग ही लाख कशाला?"

तो म्हणाला, "लावली नाही तं पावसाळ्यात कांडी पाणी पिते जी. पाणी पेली का वाकते."

"आणि वाकडी असली, तर लाखेने सरळ होते का?"

तो हसला. "लाख सरळ करत नाही महाराज. सरळ आगीनं होते, हातानं होते. लाख तिले सरळ राहू देते."

वाचकहो, आलापल्लीच्या त्या मुलाचाच प्रश्न आमच्या तोंडून नकळत निघाला होता, आणि उत्तर समोर पडले होते. मन शुद्ध असेल तर माळ कशाला, हा पहिला फास. शुद्ध नसेल तर माळ काय करणार, हा दुसरा. दोन्ही फास घट्ट दिसतात, कारण प्रश्नातून एक गोष्ट वगळलेली आहे: पावसाळा. मन एकदा सरळ झाले म्हणजे कायमचे सरळ राहिले, असे धरले तरच माळ निरुपयोगी ठरते. पण मन लाकडाच्या जातीचे आहे. भोवतीची हवा ओली असली की ते पाणी पिते. बाजारात बसले की बाजाराचे पिते, कोर्टकचेरीत गेले की तिथले पिते, आणि चार माणसांनी वाहवा केली की ती तर घटाघटा पिते. सरळ होणे ही एक गोष्ट आणि सरळ राहणे ही दुसरी. पहिलीला आग लागते. अनुताप, सत्संग, नामाचा ध्यास ही ती आग. दुसरीला लेप लागतो. आचार हा तो लेप आहे. एकादशीने कोणी साधू होत नाही, हे खरे. पण पंधरा दिवसांनी एकदा जिभेला 'आज नाही' म्हणण्याची सवय ज्याला आहे, त्याला मोहाच्या वेळी ते शब्द आठवण्याचा संभव अधिक. माळेचे काम एवढेच आहे, आणि एवढे पुष्कळ आहे.

येथे संस्कृतातला एक चमत्कार पाहा. लेप म्हणजे चिकटणारी वस्तू. कमळाच्या पानाला जसे पाणी लागत नाही, तसे कर्म ज्याला लिप्त करीत नाही, असा पुरुष गीतेच्या पाचव्या अध्यायात सांगितला आहे. त्यालाच आपण निर्लेप म्हणतो. आणि येथे तर लेपानेच कांडी निर्लेप होते! एक पातळ लेप स्वतः होऊन लावून घेतला, म्हणजे बाकीचे हजार लेप लागत नाहीत. बंधन घेतल्याने मोकळीक मिळते, हे आपण म्हणतो ते याच अर्थाने.

इतके झाल्यावर गोष्ट संपावयास हरकत नव्हती. पण म्हाताऱ्याने पुढची कांडी उचलली, गालाला लावली आणि बाजूला टाकली. आम्हांला ती तर सगळ्यांत देखणी वाटली होती. विचारले तेव्हा म्हणाला, "ओली हाये जी. गार लागते. हिले आता लाख लावली तं पाणी अंदरच कोंडते. बाहेरून चमकते, अंदरून सडते."

हे ऐकले आणि आमच्या पोटात कालवले. कारण सांगतो. सांगण्यासारखे नाही, पण न सांगता हा लेख लिहिणे म्हणजे ओल्या कांडीवर लाख लावणे होईल. आमचे वडील गेल्यावर विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आमचे आणि धाकट्या भावाचे बिनसले. शब्दाने शब्द वाढला. अकरा वर्षे आम्ही त्याच्या दारात पाऊल टाकले नाही. या अकरा वर्षांत आमची एकही एकादशी चुकली नाही, हरिपाठ चुकला नाही, वारी चुकली नाही. भरतभेटीचे आख्यान आम्ही गावोगाव लावले. श्रोते रडत, आयाबहिणी पदर डोळ्यांना लावीत, आणि आम्हांला वाटे, एवढी माणसे रडतात त्या अर्थी आपल्या आत प्रेम आहेच. आचाराने आम्हांला दुष्ट केले असे नव्हे. आत ओल होती, आणि आचार इतका चकचकीत होता की ती बाहेर यायला वाटच राहिली नव्हती. आचार नसता तर कदाचित एखाद्या दिवशी मनाने टोचणी दिली असती. आम्हांला वाटले, आपण तर वारकरी. टोचणी द्यायची ती त्याच्या मनाने.

म्हणून त्या मुलाच्या दुसऱ्या फासातही थोडे सत्य आहे, ते नाकारू नये. मन शुद्ध नसेल तर माळ काहीच करीत नाही असे नाही. ती अशुद्धीलाही तितक्याच इमानाने जपते. लाख ही राखणदार आहे, परीक्षक नाही. आत जे आहे ते ती राखते. म्हणून क्रम उलटा होता कामा नये. आधी वाळवणे, मग शेक, मग सरळ करणे, मग लाख. येथे कोणी विचारील, की मग पूर्ण शुद्ध झाल्याशिवाय माळ घालूच नये काय? तसे मुळीच नाही. तसे म्हटले तर या जन्मी कोणाच्याच गळ्यात माळ पडायची नाही. पण माळ घालताना कांडी एकदा गालाला लावून पाहावी. कोठे गार लागते? कोणाचे नाव निघाले की आपण विषय बदलतो? तेथे ओल आहे. तेवढी आधी वाळवावी. आणि लाख आधीच लावली गेली असेल, तर ती तेवढ्या जागी खरवडून पुन्हा वाळवण्याची लाज बाळगू नये.

आता दुसरी शंका. ती वाचकांच्या मनात पहिल्यापासूनच असणार: वारकऱ्याने बाणाचे कौतुक करावे काय? बाण जीव घेणारा. आमच्याही मनात ती होतीच, आणि आम्ही ती जराशा तोऱ्याने बोलून दाखवली. "बाबा, एवढी माया जीव घेणाऱ्या वस्तूवर?" तो रागावला नाही. म्हणाला, आता शिकारीला कायदा आहे, बाण घरी असावा म्हणून करतो. कायदा आहे हे खरे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. एवढ्यात आमच्या शिष्याने, गाडीत तापू नये म्हणून, आमची वीणा आणून सावलीत ठेवली. म्हातारा तिच्याजवळ गेला. दांडीवरून एक बोट फिरवले, आणि आमच्याकडे वळून इतकेच म्हणाला, "हे बी लाखच हाये महाराज."

होय. लाखच आहे. आमची वीणा मिरजेची. मिरजेचे कारागीर तंबोरे, वीणा यांवर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचाच हात देतात. ती चमक पाहून आम्ही इतकी वर्षे सुखावलो, पण लाख म्हणजे काय हे कधी मनात आणले नाही. लाखेचा किडा मोहरीहून बारीक. पळसाच्या, बोराच्या, कुसुमाच्या कोवळ्या फांदीला त्याची मादी तोंड लावून बसते ती पुन्हा हलत नाही. झाडाचा रस पिते आणि स्वतःभोवती राळेचे कवच घालते. त्या कवचातच तिची पिले होतात. आपल्याला जी लाख मिळते ती त्या आईचे घर असते. पळसावरच्या लाखेची वर्षाला दोन पिके, एक वैशाखातले आणि एक कार्तिकातले. कार्तिकाच्या पिकाला कतकी असेच म्हणतात. पिले बाहेर पडायच्या आधी फांद्या तोडल्या तर ती आतच मरतात. पिले निघून गेल्यावर जी रिकामी लाख उरते तिला फुंकी म्हणतात. म्हातारा आपली लाख पिले गेल्यावरच काढतो, असे त्याने मास्तरांना सांगितले. आमच्या वीणेवरची लाख कशी काढलेली होती? आम्हांला ठाऊक नव्हते. आम्ही कधी विचारलेच नव्हते.

यावरून बाण आणि वीणा सारखीच, असा अर्थ कोणी काढू नये. अहिंसा हे आपले व्रत आहे आणि बाण सुटू नये हीच आमची इच्छा राहील. पण व्रताच्या उंच पाटावर बसून दुसऱ्याच्या अंगणाकडे बोट दाखवण्याआधी आपल्या पाटाखाली पाहावे. आणि पाहा, ज्या एकादश स्कंधाच्या नवव्या अध्यायात बाण करणारा गुरू म्हणून आला, त्याच स्कंधाच्या तिसाव्या अध्यायात जरा नावाच्या व्याधाचा बाण प्रत्यक्ष भगवंताच्या पायाला लागतो. व्याध थरथरत येऊन पायांवर पडतो, तर भगवंत त्याला अभय देऊन सद्गती देतात. ज्याच्या पायात बाण रुतला त्याने व्याधाला दूर लोटले नाही. मग आपण कोण?

बाणाच्या लेपाची आणखी एक गोष्ट आहे, ती सांगून आटोपते घेतो. लहानपणी आम्ही अमरकोश पाठ केला. त्यात विषाने माखलेल्या बाणाला दिग्ध आणि लिप्तक अशी नावे आहेत. म्हणजे विषाचाही लेपच. तेव्हा लेप लावलेला बाण म्हणावा तर तो लाखेचाही असेल, विषाचाही असेल. भेद कोठे आहे? विष लागते टोकाला, लाख लागते कांडीला. विष दुसऱ्यासाठी असते, लाख स्वतःसाठी. आचाराची परीक्षा नेमकी हीच. माझी एकादशी मला जपत असेल तर ती लाख. माझी एकादशी शेजाऱ्याच्या ताटाकडे बोट दाखवीत असेल, माझी माळ बिनमाळेच्या माणसाला हीन ठरवीत असेल, तर तो लेप टोकाला लागला, आणि तो विष झाला. वस्तू तीच, जागा बदलली. तिसरा एक प्रकार शोभेच्या बाणांचा. भिंतीवर लावण्यासाठी विकत मिळतात, त्यांवर जाड रंगरोगण असते. जाड लेप कांडी लवली की तडकतो, पण ते बाण कधी लवतच नाहीत, कारण ते कधी धनुष्याला लागत नाहीत. मुंडकोपनिषदाने आत्म्याला बाण आणि ब्रह्माला लक्ष्य म्हटले आहे, आणि तो बाण उपासनेने तीक्ष्ण करावयास सांगितला आहे. लक्ष्याकडे जावयाचे असेल त्याने लेप पातळच ठेवावा. भिंतीवर राहावयाचे असेल त्याने जाड लावावा.

निघताना आम्ही विचारले, एकदा लावलेली लाख किती वर्षे पुरते? तो म्हणाला, दर वर्षी पावसाच्या आधी पाहायची, जेथे गेली असेल तेथे पुन्हा लावायची. मनात आले, पंढरीच्या पालख्या तरी केव्हा निघतात? देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीस, आळंदीहून अष्टमीस, पावसाच्या तोंडाशी. आषाढीला पोहोचले की चातुर्मास लागतो. आपल्या थोरांनीही ओल ओळखली होती!

आलापल्लीहून परत आल्यावर, वारीला निघण्यापूर्वी, आम्ही भावाच्या घरी गेलो. भावजयीने पाण्याचा तांब्या पुढे केला. भाऊ बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, तुझ्या कीर्तनाला आलो होतो एकदा. मागं बसलो होतो. भरतभेट होती." आमच्यापाशी यावर शब्द नव्हता. चाळीस वर्षे बोलून पोट भरणाऱ्या माणसापाशी एक शब्द नव्हता. विहिरीची पाळी अजून ठरलेली नाही. पण येणेजाणे सुरू झाले आहे, आणि आख्यान तूर्त आम्ही लावीत नाही. कांडी वाळते आहे.

त्या मुलाचे नाव आम्ही विचारून घेतले नाही, ही आमची चूक. हा अंक मास्तरांकडे जातो. त्यांनी त्याला एवढे वाचून दाखवावे, आणि सांगावे की महाराजांनी त्या रात्री दिलेले उत्तर परत घेतले आहे.

रामकृष्णहरि.